‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहू नका

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत): वय ४४. एका खासगी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत. पाच महिन्यांपूर्वी मोटर न्यूरॉन डिसीजचं (स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) निदान झालं, उजव्या हातापासून सुरुवात आहे. या कंपनीत चार वर्षं दोन महिने झाले, त्याआधी दोन ठिकाणी मिळून तेरा वर्षं, म्हणजे पीएफ कापला जातोय त्याला सतरा वर्षं. पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी नववीत. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. ते लिहितात, "महिनाअखेर राजीनामा देऊन मोकळा होणार आहे, कारण वैयक्तिक एवढंच लिहिणार. हात थरथरताना लोकांनी बघावं असं मला वाटत नाही. एचआरला नुसतं चाचपून पाहिलं तर ते म्हणाले नोटीस पीरियड माफ करू, क्लीन एक्झिट देऊ. अपंगत्वाचं सर्टिफिकेट, पेन्शन वगैरे नंतर निवांत बघू. खरं सांगायचं तर ते पेन्शन घ्यायलाही मन धजत नाही, आयुष्यभर फुकटचं काही घेतलं नाही. बायको म्हणते राजीनामा देऊ नका, रजा टाका. आमचं यावरून रोज वाजतंय. कोण बरोबर?"

नमस्कार दादा,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. वहिनी बरोबर आहेत. निदान या महिनाअखेरीपुरत्या तरी शंभर टक्के बरोबर आहेत.

आणि हे मी इतकं ठासून का सांगतेय तेही सांगते, कारण यात मी काही तटस्थ नाहीये. माझ्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्याचा राजीनामा मी टाइप केला होता. चार ओळी. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्दही माझेच, त्याला ते भारदस्त वाटले, मलाही वाटले. कंपनीने नोटीस माफ केली, सगळे फार चांगले वागले, शेवटच्या दिवशी गुच्छ दिला. तो त्यानंतर तेवीस दिवसांनी गेला. माझ्या वहिनी पीएफचे कागद घेऊन गेल्या तेव्हा खिडकीतल्या माणसाने तारखा बघितल्या आणि सांगितलं की पीएफ मिळेल पण इन्शुरन्सचं इथे काही लागू होत नाही, ते नोकरीत असताना मृत्यू झाला तरच. तेव्हा त्या विम्याची कमाल रक्कम सहा लाख होती. भावाची ३६ दिवसांची रजा शिल्लक होती. ती त्याने टाकली असती तर तो नोकरीत असतानाच गेला असता. रजेचे पैसे मात्र व्यवस्थित हिशेब करून मिळाले. त्या ३६ च्या आकड्याने मला पुढे कितीतरी रात्री झोपू दिलं नाही, आणि मग मी हे सगळे नियम वाचायला लागले, जे आधी वाचायला हवे होते.

तर आता तुमचं.

तुम्ही पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय, की आधी नोकरी सोडायची आणि मग आजारपणाचे फायदे बघायचे, जसं काही ती दोन वेगवेगळी कामं आहेत आणि क्रम कुठलाही चालतो. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या माणसाला जे काही थोडंफार मिळतं ना, ते जवळजवळ सगळं ‘नोकरीत असताना’ या दोन शब्दांवर टांगलेलं आहे. तुम्ही गेट पास जमा केला की ते दोन शब्द गेले. मग आजार तोच, माणूस तोच, रिपोर्ट तेच, पण उत्तर वेगळं.

पीएफच्या पेन्शनचंच घ्या. आपण सगळे समजतो की ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, ही ५८ व्या वर्षी मिळणारी किरकोळ रक्कम आणि त्याला दहा वर्षं सेवा लागते. पण १९९५ च्या त्या योजनेत कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वासाठी वेगळी तरतूद आहे, तिला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते आणि ५८ ची वाटही बघावी लागत नाही. अट काय, तर अपंगत्व नोकरीत असताना आलेलं पाहिजे आणि त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरी तपासणीत तसं ठरलं पाहिजे. आता ही तपासणी काय बघते ते नीट वाचा, कारण इथेच लोक सर्वात जास्त घोळ घालतात: तुम्ही जे काम करत होतात त्या कामाला तुम्ही कायमचे असमर्थ झालात का. तुम्ही चालू शकता का, बोलू शकता का, चाळीस टक्के की ऐंशी टक्के, हा तिथला प्रश्न नाही. टक्केवारीचा प्रश्न युडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्राचा, तो सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचा, ते वेगळं प्रकरण आहे. तुम्ही चालताय, गाडी चालवताय म्हणून ‘अजून आपण त्यात बसत नाही’ असं मनात धरून बसला असाल तर ते काढून टाका.

तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात व्हर्नियर कॅलिपर हातातून दोनदा सुटला, आणि रीडिंग घेताना अंगठ्याने ती पट्टी सरकवायला डावा हात लावावा लागतो, आणि तुम्ही ते कोणी बघू नये म्हणून जेवणाच्या सुट्टीत माप घेता. दादा, ज्याला तुम्ही लपवताय ना, तोच तुमचा पुरावा आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा हे असंच्या असं सांगा आणि सर्टिफिकेटमध्ये कामाच्या भाषेत लिहून मागा. ‘मोटर न्यूरॉन डिसीज, विश्रांतीचा सल्ला’ एवढ्या कागदाचा काही उपयोग नाही, विश्रांती सर्दीलाही सांगतात. आजाराचं नाव, निदानाची तारीख, हा आजार वाढत जाणारा आहे आणि बरा होणारा नाही हे, आणि त्यामुळे बारीक मोजमापाचं, पकडीचं, लिहिण्याचं काम हा माणूस कायमस्वरूपी करू शकत नाही हे, आणि कधीपासून. डॉक्टरांना वेळ नसतो, तर तुम्हीच अर्ध्या पानावर मुद्दे लिहून न्या, बहुतेक डॉक्टर त्यावरून लगेच लिहून देतात.

रक्कम किती? फार नाही, आधीच सांगते. सूत्र असं की पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, आणि पगाराची मर्यादा १५,००० धरतात, सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना मात्र ६,५००. तुमची सतरा वर्षं धरली तर महिन्याला साधारण तीन हजार रुपये. त्यात घर चालत नाही हे मलाही कळतं. पण ते तहहयात आहे, आणि तुमच्यानंतर वहिनींना आणि पंचविशीपर्यंत मुलीलाही पेन्शन आहे. फक्त ती सतरा वर्षं रेकॉर्डला सतराच दिसली पाहिजेत. तुम्ही लिहिलंय की मधल्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर करायचा राहून गेलाय. तो आता करा, पैसा तर आहेच, त्याच्यापेक्षा ती वर्षं महत्त्वाची आहेत. (आणि जे वाचक अशाच आजारात आहेत पण सेवा दहा वर्षांपेक्षा कमी आहे, त्यांनी नोकरी सोडताना १०-सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका. सायबर कॅफेवाला काढून देतो आणि वर म्हणतो सगळं क्लिअर झालं. क्लिअर होतं ते पेन्शनचं सदस्यत्व.)

आता तुमचं ते ‘फुकटचं’. यावर मला जरा वाद घालायचाय. तुमच्या नावाने कंपनी महिन्याला जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे पगार मर्यादेच्या वर असेल तर दरमहा १,२५० रुपये, या पेन्शन फंडात जातात. तुमच्या सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण वार्षिक खर्चात, ते मोजलेले असतात, म्हणजे ते तुमच्याच पगाराचे आहेत, फक्त तुम्हाला कधी दिसले नाहीत. सतरा वर्षं तुम्ही हप्ता भरलात. गाडीचा इन्शुरन्स सतरा वर्षं भरून गाडी ठोकली तर क्लेम करताना तुम्ही कधी म्हणाला असता का की फुकटचं नको? नाही ना. मग शरीराच्या बाबतीतच ही लाज कुठून आली? मला वाटतं ती पैशाची लाज नाहीच, ती ‘अपंग’ या शब्दाची आहे. अर्जावर तो शब्द स्वतःच्या हाताने लिहायचा म्हणजे काहीतरी मान्य करायचं, आणि राजीनामा कसा आपण दिलेला असतो, ताठ मानेने. हे मला समजतं. भावालाही हेच हवं होतं, आणि मी ते त्याला मिळवून दिलं. त्याची किंमत माझ्या वहिनींनी भरली.

ग्रॅच्युइटीचं तुमच्या लक्षातही आलेलं दिसत नाही, कारण चार वर्षं दोन महिने म्हणजे पाच झाली नाहीत, विषय संपला असं सगळेच समजतात. पण पाच वर्षांची अट मृत्यू आणि अपंगत्व या दोन कारणांना नाही. तिथे अपंगत्वाची व्याख्यासुद्धा सरळ आहे, आजाराने किंवा अपघाताने माणूस आधी करत असलेलं काम करायला असमर्थ झाला की झालं. तुमचा बेसिक आणि डीए मिळून २६,००० लिहिलाय, तर १५ भागिले २६ गुणिले २६,००० गुणिले ४ वर्षं, सरळ ६०,००० होतात. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलंत तर शून्य. दोन शब्दांचे साठ हजार.

आणि मग तो विमा, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहितेय. ईडीएलआय. पीएफ आहे त्या प्रत्येकाला असतो, वर्गणी कंपनी भरते, पगारातून काही जात नाही म्हणून कोणाला माहीतही नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम आता कमाल ७ लाख आहे. तुमची सेवा आणि पगार बघता तुम्ही वरच्या बाजूलाच असाल. मी क्रूरपणे बोलतेय असं वाटेल पण तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय की मला खोटा धीर नको, म्हणून बोलते. या आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात, काहींना दहाच्या वर. तुम्हाला आतापर्यंत पन्नास जणांनी याच आजारात कित्येक दशकं जगलेल्या शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं उदाहरण दिलं असेल, मी देत नाही. पण पाच वर्षं मिळणार असतील तर या विम्यासाठी तेवढा काळ पटावर राहणं शक्य नाही हेही खरं, कोणती कंपनी ठेवणार. म्हणजे इथे खरंच तोलून बघावं लागतं, एकीकडे नोकरीत राहिलात तर हा विमा, ग्रुप मेडिक्लेम, पगार, आणि दुसरीकडे हात चालतोय तोवरचे महिने, जे कुठल्याही नियमात परत मिळत नाहीत.

माझं मत विचाराल तर आज राजीनामा नाही आणि शेवटपर्यंत खुर्ची धरून बसणंही नाही. आधी एचआर आणि तुमचे साहेब, फक्त या दोघांना सांगा. मेलवर, रिपोर्ट जोडून, म्हणजे तारीख राहते. मग शिल्लक रजा, आजारपणाची रजा, ती संपल्यावर बिनपगारी. बिनपगारीतही नाव पटावर असतं. या ईडीएलआयच्या नियमात २०२५ मध्ये एक बरा बदल झालाय, शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव पटावरून काढलेलं नसेल तर विमा लागू होतो. आधी बिनपगारी रजेवरच्या माणसाच्या घरच्यांना यावरून परत पाठवायचे. या रजेच्या काळात बाकीचे कागद करायचे आणि मग बाहेर पडायचंच असेल तर आजाराचं कारण लिहून बाहेर पडायचं.

एचआरच्या ‘क्लीन एक्झिट’बद्दल एक सांगू? ते वाईट हेतूने म्हणाले असं मी म्हणत नाही. त्यांना तुमचा आजार माहीतच नाहीये, तुम्ही नुसतं चाचपलंत, त्यांनी निरोगी माणसाला देतात ते उत्तर दिलं. चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर. आता खरा प्रश्न विचारा. कदाचित ते बसून करायचं काम देतील, रिपोर्ट तपासायचं, नवीन पोरांना शिकवायचं, फोनवर मराठीत बोललं तरी टाइप होतं हल्ली. कदाचित नाही देणार. सरकारी नोकरीत असतात तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, दुसरं पद द्यावं लागतं, नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं, पगार तोच. ते संरक्षण फक्त सरकारी आस्थापनांना आहे, खासगीत सगळं माणसांच्या मनावर. म्हणून तर माणसांना सांगावं लागतं.

आणि ‘कोणाला माहीत नाही’ याबद्दल. जेवणाच्या सुट्टीत एकटा माणूस रोज मशीनपाशी थांबतो हे शॉप फ्लोअरवर कोणाच्या लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही त्यांच्यापासून लपवताय आणि ते तुमच्यापासून लपवताहेत की त्यांना दिसतंय.

मेडिक्लेमचं आता. ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या कामाच्या दिवसाबरोबर संपते, आणि तीत वहिनी आणि मुलगीही असतील. बाहेर पडायच्या निदान दीड महिना आधी त्याच विमा कंपनीला लेखी विचारा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तशी सोय आहे, तुमच्या बाबतीत विमा कंपनी नाकारू शकते किंवा हप्ता वाढवू शकते, पण निदान त्या दोघींना तरी खंड न पडता घेता येईल. महाराष्ट्रात असाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, ते कार्ड काढून ठेवा. मात्र या आजारात मोठा खर्च हॉस्पिटलपेक्षा घरी होतो, माणूस ठेवणं, बेड, पुढे श्वासाचं मशीन, आणि ते मेडिक्लेममध्ये बहुतेक बसत नाही. रोख लागते. पीएफमधून आजारपणासाठी नोकरी चालू असतानाही पैसे काढता येतात, त्याला राजीनामा लागत नाही, हे लक्षात असू द्या.

तुम्ही एक टर्म प्लॅन असल्याचं ओझरतं लिहिलंय आणि पुढच्या वाक्यात मुलीच्या शाळेवर गेलात. दादा, तो कागद आज कपाटातून बाहेर काढा. त्यात क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे गंभीर आजाराचं निदान झालं की पैसे देणारी जोडतरतूद, आहे का बघा, कारण आपल्या विमा नियामकाने गंभीर आजारांच्या ज्या ठराविक व्याख्या केल्यात त्यांत मोटर न्यूरॉन डिसीज नावानिशी आहे, अट अशी की कायमची लक्षणं असावीत आणि सलग तीन महिने टिकलेली असावीत. तुमचे पाच महिने झाले! टर्मिनल इलनेसची तरतूद असेल तर ती वेगळी, तिथे बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी अमुक महिन्यांचंच आयुष्य उरलंय असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे ती आत्ताची नाही, नंतरची. हप्ता माफीचं कलमही शोधा. आणि गृहकर्जाबरोबर बँकेने काही पॉलिसी गळ्यात मारली होती का तेही, त्या वेळी आपण चिडून सही करतो आणि विसरून जातो.

ज्या वाचकांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो, त्यांचा रस्ता वेगळा आणि खरं तर बराच बरा आहे. तिथे आजारपणात ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो, आणि कॅन्सरसारख्या यादीतल्या दीर्घ आजारांना, दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर, ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत. तुम्हाला कोणी ‘राजीनामा दे’ म्हणालं तर आधी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट घ्या, उत्तर नंतर द्या. आणि ज्यांना यातलं काहीच नाही, ना पीएफ ना ईएसआय, त्यांनी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. अपंगांबरोबरच कॅन्सर, पक्षाघात अशा दुर्धर आजारांनी कमावू न शकणारे त्यात येतात, उत्पन्नाची अट मात्र कडक आहे.

आता इतकं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई उरलेले महिने माझ्याकडून रांगा लावून घेणार. नाही. उलट म्हणते, एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तीच कामं जी तुमच्याशिवाय कोणीच करू शकत नाही. ती फार थोडी आहेत: ऑफिसात सांगणं, डॉक्टरकडून सर्टिफिकेट, डॉक्टरी तपासणीला जाणं, नॉमिनेशन, मृत्युपत्र, बँकेतली सही. बाकी झेरॉक्स, फेऱ्या, पोर्टल, हेल्पलाइनवर ताटकळणं हे सगळं उजवीकडे, ते वहिनी, तुमचा भाऊ, तुमचा तो मित्र ज्याला काहीतरी करायचंय पण काय ते कळत नाहीये, यांना वाटून द्या. तुमचे चांगल्या हाताचे दिवस डावीकडच्यांनाच.

नॉमिनेशनवर जरा थांबते. तुमची पहिली नोकरी लग्नाआधीची, म्हणजे तेव्हाच्या फॉर्मवर बहुधा वडिलांचं नाव असणार. पीएफच्या नियमात लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द धरतात, नवीन करावं लागतं. नव्वद टक्के लोक करत नाहीत (हा माझा अंदाज हं, पण माझ्या ओळखीतल्या कोणालाही विचारा). मोबाइलवर आधारच्या ओटीपीने ई-नॉमिनेशन होतं, अर्ध्या तासाचं काम आहे, मुलीलाच बसवा शेजारी, तिला पटापट जमेल. ती नववीत आहे, तिला काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला नाही पटत. तिच्याशी काय आणि किती बोलायचं हा या पत्राचा विषय नाही, तुम्ही विचारलेलंही नाही, पण तिला एखादं खरं काम द्या, नुसतं लांब ठेवण्यापेक्षा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही, साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे. कोणी मुखत्यारपत्र सुचवलं तर ते करा, बँकेच्या कामाला उपयोगी पडेल, पण ते माणूस असेपर्यंतच चालतं, नंतर नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बाकीचं ठेवू नका.

आणि राजीनाम्याचा तो ड्राफ्ट, जो तुम्ही म्हणता मेलमध्ये तयार पडलाय. डिलीट नका करू. पहिली ओळ खोडा. त्या जागी लिहा: ‘मला अमुक तारखेला मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान झालं असून त्यामुळे मी माझं सध्याचं काम करण्यास कायमस्वरूपी असमर्थ झालो आहे, सोबत न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र जोडलं आहे.’ आणि आजाराच्या कारणाने सेवेतून मुक्त करावं अशी विनंती. तारीख मात्र मोकळी ठेवा. रजा संपायला येतील, पेन्शनची तपासणी, मेडिक्लेमचं उत्तर, जुन्या पीएफचं ट्रान्सफर एवढं हातात आलं की मग तारीख टाका. तीन महिने लागतील, पाच लागतील. त्या काळात कामावर जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर रजा आहे. पीएफच्या पोर्टलवर कंपनी नोकरी सोडल्याचं कारण भरते, तिथेही अपंगत्वाचंच कारण टाकलंय ना ते नंतर उघडून बघा, कारण क्लार्कच्या बोटाला नेहमीचंच कारण निवडायची सवय असते.

एचआरकडे जाल तेव्हा वहिनींना बरोबर न्या. तुम्ही म्हणाल बायकोला ऑफिसात कशाला. कारण तुम्ही तिथे अवघडाल आणि ‘ठीक आहे, बघू’ म्हणून उठाल, त्या उठणार नाहीत. शिवाय पुढे सहा महिन्यांनी त्याच माणसाला फोन त्याच करणार आहेत, चेहरा माहीत असलेला बरा.

बोलण्याचंही राहिलंच. आवाजाला अजून काही झालेलं नाही असं लिहिलंय, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, नेहमीची वाक्यं, मुलीला हाक मारता ती, वहिनींवर ओरडता तीसुद्धा. पुढे लागलं तर असा साठवलेला आवाज मशीनला देता येतो. नाही लागलं तर नाही लागलं.

सगळ्यात आधी कुठलं काम असं विचाराल तर बँक. सध्याची सही रेकॉर्डमधल्या सहीशी जुळतेय तोवर खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं करून घ्या. पुढे सही जमली नाही तर अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमात पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, काउंटरवर कोणी नाही म्हणालं तर मॅनेजरला हे सांगा. पण ती वेळ यायच्या आत जाऊन या. येत्या शनिवारी दोघं मिळून जा, दुसरा किंवा चौथा शनिवार नाहीये ना एवढं बघून.